तीन टाक्यांचं खोरं

आबा,

तुमचं खोरं माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर आईनं तुमच्या वस्तू वाटल्या, तेव्हा खंडाळ्याहून आलेल्या काकांनी तुमची मिलिटरीची ट्रंक नेली, मामांनी घड्याळ नेलं, आणि मला आईनं विचारलं, तुला काय पाहिजे. मी खोरं मागितलं. सगळे हसले. सांगलीत फ्लॅटमध्ये राहणारी, पाटबंधारे खात्यातली इंजिनिअर बाई खोरं घेऊन काय करणार, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी पाजणार का, असं मामा म्हणाले. मीही हसले होते. त्याला आता सव्वीस वर्षं झाली आणि खोरं खरंच बाल्कनीच्या दाराआड उभं आहे. कामाला येणारी मावशी दर आठवड्याला ते हलवून फरशी पुसते आणि दर आठवड्याला विचारते, हे भंगारात का देत नाही.

आज रविवार आहे. उद्या सकाळपर्यंत मला एक कागद लिहून पाठवायचा आहे. तो लिहिता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले आहे. तुम्हाला सांगायचं राहिलं असं तरी कसं म्हणू, पण तुम्ही गेल्यावर वीसेक वर्षांनी मी नोकरी मुदतीआधी सोडली आणि आफ्रिकेतल्या एका देशात दोन वर्षं राहून आले. तिथे माणसं आपापसातच लढली होती, पुष्कळ वर्षं. मग लढाई थांबली, मोठ्या लोकांनी कुठेतरी बसून सह्या केल्या, आणि छावण्यांमध्ये राहिलेली माणसं परत गावी आणायची वेळ आली. एका नदीवरून निघणारा जुना कालवा होता, मातीनं बुजलेला. कालव्याच्या वरच्या अंगाला एक गाव, ते लढाईत जागचं हललं नव्हतं. खालच्या टोकाला दुसरं, त्यातली माणसं जीव घेऊन पळाली होती. कालवा उपसायचा, खालच्यांना परत आणायचं आणि दोन्ही गावांना एका पाण्यावर नांदवायचं, असं एका परदेशी संस्थेचं काम होतं. त्यात पाण्याच्या पाळ्या लावायचं काम माझ्याकडे. म्हणजे तुमचंच काम, पाटकऱ्याचं. फक्त मला खुर्ची होती, टेबल होतं आणि डोक्यावर पंखा होता.

तिथे माझा एक दुभाषा होता, लढाईआधी शाळेत शिकवायचा, म्हणून मी त्याला मास्तरच म्हणायची. परवा त्याचा निरोप आला. आम्ही चालू केलेला कालवा कधीच बंद पडला, खालच्या गावातली माणसं छावणीत परत गेली ती अजून तिथेच आहेत. आता दुसरी एक संस्था ते काम हातात घेते आहे. 'तुमच्या वडिलांची पद्धत नीट लिहून पाठवा, सोमवारच्या बैठकीत वाचायची आहे,' असं मास्तरनं लिहिलं आहे. खाली आणखी एक ओळ आहे. 'ती बाई विचारते, पाणी कोण देणार ते आधी सांगा, मग मुलींना घेऊन येते.' ती बाई कोण, ते सांगतेच. तिच्यासाठीच हे सगळं आहे.

तुमची पद्धत म्हणजे काय, हे मी तिथे इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं होतं. आमचं गाव पलूसजवळ, कृष्णेच्या काठाजवळ. नदीतून मोटारीनं पाणी उचलायचं आणि पाटानं शेतात न्यायचं, अशी गावाची पाणीपुरवठा संस्था. पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड मातीनं बुजवलेलं असतं, त्याला आम्ही दार म्हणतो. खोऱ्यानं माती ओढून दार उघडायचं, शेत भिजलं की परत बंद करायचं. या पाण्यावरून वरच्या वस्तीची आणि खालच्या वस्तीची मारामारी झाली, खालच्या वस्तीतला एक माणूस डोक्यात घाव बसून मेला, घाव घालणारा तुरुंगात गेला. पाट फोडले गेले, मोटार बंद पडली, दोन वर्षं कुणालाच पाणी नाही. मग पाटकरी व्हायला गावात कोणी तयार होईना, तेव्हा संस्थेचे चेअरमन तुमच्याकडे आले. तुम्ही खंडाळ्याचे, सासुरवाडीत येऊन राहिलेले, लढाई बघून आलेले. गाव तुम्हाला मिल्ट्री म्हणायचं. तुम्ही दोन नियम घातले. पाणी शेवटच्या शेतापासून सुरू करायचं, कारण शेवटच्याला ते पोचलं तर पोचलं. आणि आपलं दार आपण उघडायचं नाही, समोरच्या वस्तीतल्या माणसानं येऊन उघडायचं.

मग मी तो दिवस सांगायची. वरच्या वस्तीतला मिशीवाला बांधावरून येतो आहे, खांद्यावर खोरं. तुरुंगात गेलेल्याचा हा भाऊ. खाली उभा आहे तो मेलेल्याचा भाऊ. मी तुमच्या धोतराला धरून उभी आहे, नऊ वर्षांची. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. मिशीवाला वाकतो, चार घाव घालतो, दार मोडतं, पाणी सरीत शिरतं, आणि तो निघायला लागतो. तेवढ्यात खालचा बांधावर बसून फडकं सोडतो आणि मान वर न करता म्हणतो, "भाकरी खाऊन जा."

"न्हाई, घरी जातो."

"खा म्हंतो न्हवं."

आणि तो बसतो. ठेच्याचा एक घास घेतो आणि खोकतो, आणि खालचा त्याच्यापुढे तांब्या सरकवतो. तुम्ही दुसरीकडे बघत विडी पेटवता. मी ही गोष्ट सांगितली की परदेशी पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. तुमच्या गोष्टीवर टाळ्या पडायच्या, आबा. तुमचं खोरं मी बॅगेतून नेलं होतं. विमानतळावर त्यांनी पातं उलटंसुलटं करून बघितलं, हे हत्यार आहे का म्हणून. दांडा तिथल्या सुतारानं बसवून दिला. ऑफिसच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर ते आडवं लावलं होतं, शेजारी पाळ्यांचा तक्ता. तुम्ही डावखुरे, त्यामुळे पातं एका कोपऱ्यात झिजलेलं, आणि मानेवर वेल्डिंगचे तीन टाके. कोणी विचारलं तर मी म्हणायची, खूप जुनं आहे ना, म्हणून.

मास्तर एकटाच टाळ्या वाजवायचा नाही. एकदा चहा पिताना त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या गावात भांडणानंतर किती दिवसांनी ही पद्धत सुरू झाली?"

"लगेच. पाणी चालू झालं त्या दिवसापासून."

मी खोटं बोलले नाही, आबा. मला तसंच आठवत होतं.

"मग तुमच्याकडची माणसं आमच्यापेक्षा बरी असली पाहिजेत," तो म्हणाला.

मला हसू आलं. आमच्याकडची माणसं! बांधाच्या वितभर मातीसाठी सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे होतात, असं मी त्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "पहिला हंगाम दारं तुम्ही उघडाल का? तुम्ही परक्या आहात. तुमच्या हातचं पाणी दोन्ही गावं घेतील. पुढच्या हंगामाचं पुढे बघू." मी त्याला समजावून सांगितलं. लोकांचं पाणी लोकांनीच उघडायला हवं, बाहेरच्यांनी किती दिवस पुरायचं, वगैरे. हे बोलायला फार सोपं असतं आणि मला ते चांगलं बोलता येतं. शिवाय पुढच्याच महिन्यात पाहुणे येणार होते, पहिलं दार उघडताना बघायला. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या शेतात पाणी सोडतो आहे, असा फोटो सगळ्यांना हवा होता. मलाही हवा होता.

कालव्याच्या अगदी शेवटी एका बाईचं शेत होतं. नवरा लढाईत गेलेला, दोन मुली, छावणीत सहा वर्षं काढून परत आलेली. तक्त्यावर पहिलं नाव तिचं. ते मी मुद्दाम, मायेनं लिहिलं होतं, कारण तुम्ही शेवटच्यापासून सुरुवात करायचा. तिचं दार उघडायला वरच्या गावातला एक माणूस चिठ्ठी टाकून ठरला. चाळिशीचा, शांत, समेटाच्या बैठकीत मातीवर हात ठेवून शपथ घेतलेला. त्या दिवशी तो सकाळी लवकर येऊन तिच्या शेतातल्या सऱ्या साफ करत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. ऊन चढल्यावर पाहुणे आले, कॅमेरे आले. त्यानं दार उघडलं. पाणी आत शिरलं, वाळलेल्या मातीवर कसं चुर्र करत पुढे सरकतं तसं सरकलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई धाकटीचं मनगट धरून उभी होती. पाणी तिच्या पायापाशी आलं तशी ती एक पाऊल मागे सरकली. परत पाणी आलं, ती परत सरकली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मुलींना घेऊन घराच्या दिशेनं निघून गेली.

मला वाटलं, खायला आणायला गेली. आबा, हे मला वाटलं. मी त्या माणसालाही तुमची भाकरीची गोष्ट सांगितलेली होती, त्यामुळे तोही हात धुऊन बांधावर वाट बघत बसला. पाहुणे थोडा वेळ थांबले, मग जेवायला गेले. तो बसूनच होता. सऱ्या भरल्या, पाणी बांधावरून वाहायला लागलं, दार बंद करायला शेताचं कोणी येईना आणि नियमानं त्याला हात लावता येईना, कारण बंद करायचं काम शेतवाल्याचं, असं मीच तक्त्यावर लिहिलेलं होतं. शेवटी मास्तरनं पायानं माती लोटून ते बंद केलं. येताना गाडीत तो म्हणाला, तिच्या नवऱ्याला घरातून बाहेर काढून नेणाऱ्यांमध्ये हा होता. "तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडले. तो खिडकीबाहेर बघत होता. "बाई, इथे कुणी ना कुणी कुणाच्या तरी घरातून कुणाला तरी नेलेलंच आहे. मी तुम्हाला कुणाकुणाचं सांगत बसू? म्हणून तर म्हणत होतो, तुम्ही उघडा."

दोन दिवसांनी ती ऑफिसात आली. डोक्यावर बोचकं, मुलींच्या हातात भांडी, छावणीकडे परत जायच्या वाटेवर. तिला खुर्ची दिली तर बसली नाही. तिनं सांगितलं आणि मास्तर मला एकेक वाक्य सांगत गेला. पाणी चांगलं आहे. माझ्या शेताला पहिलं दिलंत, हे कळलं. पण त्या हाताचं पाणी माझ्या पिकाला नको, ते धान्य माझ्या मुलींना नको. तो वाईट वागला नाही, सऱ्याही साफ केल्या, ते मी पाहिलं. उद्या कदाचित घेईन, दोन वर्षांनी घेईन, मला माहीत नाही. आज नको. मग तिची नजर भिंतीवर गेली. हे काय आहे, तिनं विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांचं. ते यानं लोकांना पाणी द्यायचे. तिनं पुढे होऊन पात्यावर बोट फिरवलं, त्या तीन टाक्यांवर जरा थांबली. म्हणाली, तू आमची कुणी नाहीस. तू उघडलं असतंस तर मी घेतलं असतं. हे भिंतीवर का लावलं आहेस, तू का नाही उघडत? मी तिला काहीतरी उत्तर दिलं. ते मास्तरनं सांगितलं, तिनं मान हलवली आणि त्या तिघी गेल्या. फाटकाबाहेर थोरलीच्या हातातलं एक पातेलं पडलं आणि ती ते उचलायला मागे आली, तेवढंच मला परत दिसलं.

तिच्यामागून महिन्याभरात खालच्या गावातली निम्मी घरं उठली. एकीनं जे बोलून दाखवलं ते बाकीच्यांच्या मनात होतंच. मग रिकाम्या पडलेल्या शेतात वरच्यांची जनावरं चरायला लागली, मग नांगर फिरले, आणि मग उरलेलेही गेले. माझी मुदत संपत आली होती. अहवालात मी लिहिलं, 'काही कुटुंबांनी हंगामी स्थलांतर केले आहे.' चांगलं वाक्य आहे. खात्यात तीस वर्षं अशी वाक्यं लिहायची सवय होती. त्यानंतर मी इकडे आले आणि दोन वर्षं त्या विषयावर कुणाशी बोलले नाही. गोष्ट मात्र सांगत राहिले, आबा. कॉलेजांत, रोटरीत, नाहीतर कुणाच्या सत्काराला बोलावलं की, मिशीवाला आणि भाकरी. तिथवरच. पुढचं नाही.

परतताना दांडा तिथेच काढून ठेवला होता. मागच्या महिन्यात वाटलं, नवा बसवावा, म्हणून पातं घेऊन कुपवाडला गेले. आपल्या गावच्या पाणी संस्थेच्या मोटारीचं काम करायचे ते मिस्त्रीचाचा, ज्यांच्या वर्कशॉपवर तुम्ही मला सायकलवरून न्यायचा आणि ते मला रंगीत वायसर खेळायला द्यायचे, ते आहेत अजून. वर्कशॉप मुलगा बघतो, चाचा दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांना नीट दिसत नाही. मी कोण ते सांगितलं आणि पातं हातात दिलं. त्यांनी अंगठा मानेवरून फिरवला आणि एकदम हसले.

"ह्ये टाके माझे हैत, पोरी. तिन्ही माझे. एका सालातले."

"एका सालातले?"

"मग? ज्या साली पाणी परत चालू झालं, त्या साली. मिल्ट्री एकटा समद्या गावाची दारं मोडत व्हता. वरच्या वस्तीची, खालच्या वस्तीची. कुणाला हात लावू देईना. पातं मानंत तुटायचं, सायकल मारत यायचा हितं. तिसऱ्या बारीला मी म्हनलं, गड्या, नवं घे की. तर म्हनला, नको, ह्येच सगळ्यांच्या वळकीचं हाय."

मी म्हटलं, "चाचा, पण ते दारं एकमेकांची उघडायचे ना? वरचे खालच्यांची?"

"ते पुढच्या साली गं. आधीचं साल तुझ्या बापानं एकट्यानं वढलं. तुला आठवत न्हाई व्हय? तू तर संगट असायचीस."

मी तिथे उभी राहिले आणि मुलगा विचारत होता, दांडा बाभळीचा घालू का सागाचा. आठवत होतं, आबा. सगळं आठवत होतं, पण ते त्या गोष्टीतलं म्हणून कधी आठवलं नव्हतं. चुलीपुढे तुम्ही पाय पसरून बसला आहात. टाचांच्या भेगांत बोट जाईल इतक्या खोल. आई वाटीत आमसुलाचं तेल गरम करते आहे आणि तोंडानं तिचं चालू आहे. "आवं, समद्या गावाची दारं तुमीच उघडायची? गाव काय लुळं पडलंय? सुकाळीचे बांधावर हातावर हात ठिवून बघत बसत्यात, आन् तुमी चिखलात." तुम्ही म्हणता, "बसू दे. त्यांचं हात अजून थरथरत्यात. आत्ता खोरं हातात दिलं तर माती ओढतील का डोक्यात घालतील, सांगता येत न्हाई. लय बघितल्यात मी तसलं हात." आई म्हणते, "आन् पीक?" तुम्ही म्हणता, "निम्मं येईल." ते वर्षभर लोक तुम्हाला शिव्या देत होते, पाणी उशिरा येतं म्हणून, एकटा माणूस किती पुरणार म्हणून. मला ते माझ्या लहानपणाचं एक कंटाळवाणं, तेलाचा वास येणारं वर्ष म्हणून आठवत होतं. गोष्टीत घालावं असं त्यात काही घडलंच नव्हतं.

आणि तुमचं ते एकदाच रागावणं, तेही त्याच वर्षातलं. तुम्ही करंजाखाली भाकरी खात होता. खालच्या वस्तीत, मेलेल्याच्या भावाच्या शेताचं दार उघडायची वेळ झाली होती आणि वरच्या वस्तीतला तो मिशीवाला जवळच उभा होता. मी तुमचं खोरं ओढत त्याच्याकडे नेलं आणि म्हटलं, तुमी उघडा की, आबा जेवत्यात. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही हातातली भाकरी टाकून धावत आलात. त्याच्या हातातून खोरं काढून घेतलंत, त्याला हात जोडलेत, आणि मला दंडाला धरून बाजूला नेलंत. "घाई कुणाला झालीया? पाण्याला, का तुला?" मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "त्येला उघडू वाटंल, पन समोरच्याला बघवायला पायजे न्हवं. त्येचा भाऊ गेलाय. त्येच्याकडं कोन बघनार?" मला वाटायचं तुम्ही मला उगाच बोललात. कितीतरी वर्षं मी ते तुमच्याविरुद्ध मनात धरलं होतं. तिथे, त्या बाईच्या शेतावर सगळे टाळ्या वाजवत असताना हे मला का आठवलं नाही? तुम्ही मला दंड दुखेपर्यंत धरून सांगितलं होतं. मी खोरं नेलं, नियम नेले, भाकरीची गोष्ट नेली, आणि हेच विसरून गेले. याचं मला इतकं वाईट वाटतं की कुपवाडहून परत येताना मला गाडी कडेला घ्यावी लागली.

दांडा बाभळीचा बसवून आणला. मास्तरला पाठवायचा कागद आत्ता दुपारी, हे पत्र मध्येच बाजूला ठेवून, कसाबसा लिहीत आणला. त्यात लिहिलं आहे की पहिल्या वर्षी गावच्या कुणीही कुणाचं दार उघडू नये. एका परक्या माणसानं, जो दोन्हीकडचा कुणी नाही त्यानं, सगळी दारं स्वतः उघडावीत आणि स्वतः बंद करावीत. पीक निम्मं येईल, लोक शिव्या देतील, पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही असणार नाही. एकमेकांची दारं उघडायची ती नंतर, आणि कधी ते शेवटच्या शेतातल्या माणसाला विचारून. माझ्या चुकीनं मी हे वर्ष गाळलं होतं, असंही लिहिलं, पहिल्यांदाच. सगळ्यात खाली त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, पाणी कोण देणार. तिथे मी 'पाणी देणारी व्यक्ती' एवढं लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे. माझं नाव लिहावं म्हणून चार वेळा पेन टेकवलं आणि उचललं.

कागदात एक गोष्ट लिहिलेली नाही, ती फक्त तुम्हाला. हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे इथे सांगता येतं. ती बाई खोऱ्यावर हात ठेवून म्हणाली, तू का नाही उघडत, तेव्हा मी तिला काय उत्तर दिलं ते. मी म्हटलं, माझी पाठ दुखते, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. मास्तरनं ते तिला सांगितलं आणि तिनं खरं मानलं. जाताना मला म्हणाली, पाठीला शेक घे. आबा, मला लाज वाटत होती. पाटकऱ्याची पोर म्हणून तुमची गोष्ट सांगायला मला आवडायचं, पण साडी खोचून, सगळ्यांसमोर गुडघाभर चिखलात, पाटकरीण होऊन उभं राहायला नको होतं. माझी पाठ दुखत नव्हती. अजूनही दुखत नाही.